आठ वाऱ्यांचं गाव

अथेन्सला कधी जावं, याचं उत्तर त्या गावानं दोन हजार वर्षांपूर्वीच दगडात कोरून ठेवलंय. ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्सच्या प्राचीन गडाच्या, उत्तर पायथ्याशी, रोमन अगोरात (जुन्या बाजारचौकात), बाराएक मीटर उंचीचा अष्टकोनी संगमरवरी मनोरा आहे. आठ बाजूंना आठ वारे, सगळे पंख पसरून आडवे उडताहेत. उत्तरेचा बोरेआस जाडजूड झगा लपेटून शंख फुंकतो. ईशान्येचा काइकिआस ढालीतून गारा ओततो. पूर्वेच्या आपेलिओतेसच्या ओच्यात फळं नि कणसं. दक्षिणेचा नोतोस घागर पालथी करतो, आणि पश्चिमेचा झेफिरोस, जवळजवळ उघडाच, ओंजळभर फुलं उधळत जातो. वर एके काळी काशाचा ट्रायटन, म्हणजे समुद्रदेव, वाऱ्याबरोबर फिरायचा. त्याच्या हातातली छडी ज्याच्या डोक्यावर येईल, त्या वाऱ्याचा तेव्हा अंमल. सहल कंपन्यांच्या 'पीक सीझन'पेक्षा हे पंचांग भरवशाचं.

'युरोप म्हणजे थंडी, तेव्हा भर उन्हाळ्यात गेलेलं बरं' हा आपल्याकडचा पक्का समज अथेन्सपुरता पुसून टाकावा. जुलै-ऑगस्टात तिथली दुपार सरासरी ३३-३४ अंशांची असते आणि उष्णतेची लाट आली की पारा चाळिशी ओलांडतो. नागपूरकर म्हणतील, त्यात काय एवढं? पण भर दुपारी बिनझाडांचा पांढरा खडक चढायला नागपूरकरही निघत नाहीत. हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंच. माथ्यावर सावली काय ती खांबांची, आणि खांबांपाशी जायला दोर आडवा. ऊन डोक्यावर पडतं तसंच खालच्या दगडावरून उलटून तोंडावर येतं. अलीकडच्या काही उन्हाळ्यांत तर लाटेच्या दिवशी दुपारी १२ ते ५ गड बंदच ठेवावा लागलाय.

त्यात तिकिटाला वेळ बांधलेली. सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा घातली आहे. तिकीट तासाच्या हिशेबानं निघतं आणि प्रवेश त्या वेळेच्या आगेमागे पंधरा मिनिटांतच मिळतो. म्हणजे दुपारी एकची वेळ घेतली आणि नाश्त्याला जरा रेंगाळलं, तर ३० युरो गेले. पूर्वी हिवाळ्यात हेच तिकीट निम्म्यात मिळायचं. एप्रिल २०२५ पासून ती सोय संपली. वेळ घ्यावी ती सकाळी आठची. पिरेअस बंदरात लागलेल्या क्रूझ बोटींचे गट नऊनंतर येऊ लागतात आणि पश्चिमेच्या मुख्य दरवाजाशी रांग वाढते. त्यापेक्षा आक्रोपोली मेट्रो स्टेशनजवळच्या आग्नेय दरवाजानं शिरावं. तिथून वाट डायोनिससच्या नाट्यगृहावरून हळूहळू चढते, आणि सकाळी ती बरीच मोकळी असते.

पायांत काय घालायचं, हाही ऋतूचाच प्रश्न आहे. प्रॉपिलाइआच्या, म्हणजे गडाच्या महाद्वाराच्या, पायऱ्यांचा दगड लाखो पावलांनी घासून आरशासारखा झालाय. कोरडा असतानाही तो सरकतो. पावसाची एक सर पडली की विचारू नये. तळ झिजलेली चप्पल म्हणजे पडण्याची तयारीच. नव्या, खाचदार रबरी तळव्याचे बूट हवेत. शेजारच्या आरिओपागोस टेकडीवर तर जुन्या कोरीव पायऱ्या सोडून द्याव्यात. बाजूला लोखंडी जिना आहे. त्यानं चढण्यात कमीपणा नाही.

उन्हाळ्यात तिथं पाऊस का नाही, याचा धागा थेट आपल्याकडे पोहोचतो. आषाढात आपल्याकडे ढग ओतत असतात, तेव्हा मान्सूननं वर उचललेली हवा पूर्व भूमध्य समुद्रावर खाली बसते आणि तिथलं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. त्याच व्यवस्थेतून एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा सुटतो. प्राचीन ग्रीक त्याला एतेसिआई, म्हणजे दरवर्षी येणारा, म्हणायचे. आता मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टात तो अथेन्सचा घाम पुसतो खरा, पण बेटांचा बेत उधळून लावतो. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफोर्ट मापावर आकडा ८ पर्यंत गेला की फेरीबोटींना बंदर सोडू देत नाहीत. सांतोरिनीहून ज्या दिवशी परतायचं, त्याच रात्रीचं मुंबईचं विमान काढणाऱ्यांचं इथंच फसतं. मध्ये एक पूर्ण दिवस अथेन्समध्ये राखून ठेवावा.

खरा मोसम झेफिरोसचा. मार्चअखेरीपासून रस्त्याकडेच्या कडू संत्र्यांना बहर येतो आणि बसच्या धुरातही फुलांचा वास शिरतो. त्या झाडाला तिथं 'नेरांत्झिया' म्हणतात. आपलं नारिंग, तेच मूळ, फारसीतून फिरत फिरत तिकडे गेलेलं. केरामेइकोसच्या जुन्या स्मशानभूमीत याच सुमाराला गवतातून कासवं बाहेर पडतात. गालबोट लागतं ते नोतोसचं. वसंतात तो घागरीऐवजी सहारातली धूळ आणतो. एप्रिल २०२४ मध्ये त्यानं अख्खं शहर नारिंगी करून टाकलं होतं. धूळ एकदोन दिवसांत निवते. दमेकऱ्यांनी तेवढे दिवस संग्रहालयात काढावेत.

हाच काळ त्यांच्या ईस्टरच्या उपवासाचाही, आणि शाकाहारी मराठी माणसाची पोटाची काळजी इथं बरीचशी मिटते. चाळीस दिवस आणि वर पवित्र आठवडा अंडी, दूध, मांस वर्ज्य. खानावळीत 'निस्तीसिमो' म्हटलं की उपवासाचं येतं: पिवळ्या डाळीचं घोटलेलं फावा, टोमॅटोत शिजवलेले मोठ्ठे वाल, लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी. पण सावध. रक्त नाही म्हणून कालवं, माकुल आणि ऑक्टोपस त्यांना उपवासाला चालतात. ऑर्डर देताना 'समुद्रातलंही नको' हे वेगळं सांगावं लागतं. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरावरच्या ईस्टरशी बहुतेकदा जुळत नाही; २०२७ मध्ये तो २ मेला आहे. गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी सजवलेली प्रतीकात्मक शवपेटी गल्लोगल्ली निघते. ती बघावीच. रविवारी मात्र ॲक्रोपोलिस बंद, दुकानं बंद, आणि निम्मं अथेन्स आपापल्या गावी गेलेलं.

शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मेचा पहिला पंधरवडा धरावा. पारा २५ च्या आसपास, आणि समुद्रात उतरायचा हट्ट नसेल तर तक्रारीला जागा नाही. १ मेला मात्र ॲक्रोपोलिस बंद असतो. जूनची शाळा गाठायची म्हणून महिनाअखेर निवडली तर उन्हाचा पहिला चटका बसतो. हॉटेलच्या बिलावरचा हवामान-कर एप्रिल ते ऑक्टोबर चढा असतो, तोही बजेटात धरावा.

दिवाळीची सुट्टी दुसऱ्या क्रमांकावर. उकाडा गेलेला, नाक्यानाक्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागलेल्या. गंडवतं ते घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे तासभर मागे जातात. काल साडेसहाला मावळलेला सूर्य आज साडेपाचला मावळतो. गडाची वेळही उन्हाळ्यातल्या रात्री आठवरून पंधरवड्या-पंधरवड्यानं आखडत येते आणि नोव्हेंबरात पाचवर थांबते. 'सूर्यास्त गडावरच्या पार्थेनॉन मंदिरापासून बघू' हा बेत तेव्हा जमत नाही. त्यासाठी २७७ मीटर उंचीची लिकाबेत्तोस टेकडी आहे. २८ ऑक्टोबरला राष्ट्रीय सणामुळे प्रवेश फुकट असतो, पण अख्खं गाव त्याच दिवशी वर चढतं.

पुढे नोतोस घागर खरोखरच पालथी करतो. तरी वर्षभराचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात तेवढा दोन-तीन दिवसांतही पडतो. त्यातला बराचसा नोव्हेंबर-डिसेंबरचा. आणि मग जानेवारीच्या मध्याला, वाऱ्यापावसाच्या ऐन मधोमध, आभाळ अचानक स्वच्छ होतं. कधी चार दिवस, कधी दहा; कधी नाहीच. ग्रीक याला 'आल्किओनिदेस' म्हणतात, खंड्या पक्ष्याचे दिवस. पुराणातली अल्किओनी नावाची स्त्री खंड्या झाली आणि तिची अंडी लाटांनी वाहून जाऊ नयेत म्हणून देवांनी वारा थांबवला, अशी ती कथा. दुपारी पंधराएक अंश, कोवळं ऊन, गडावर तुरळक माणसं, आणि नोव्हेंबर ते मार्च महिन्याचा पहिला रविवार फुकट. शाळेची सुट्टी आणि ठरलेल्या तारखा ज्यांच्या मागे नाहीत, त्यांनी बेधडक हेच दिवस धरावेत. छत्री आणि लोकरी कपडे बरोबर हवेतच.

त्या वेळी रस्त्यावरची नारिंगं पिकून फुटपाथवर गडगडत असतात. दिसायला थेट नागपुरी संत्री. उचलून सोलायचा मोह होतो. सोलू नये, ती कडूजहर असतात, साखरेच्या पाकात मुरवल्याशिवाय ग्रीकसुद्धा त्यांना तोंड लावत नाहीत.