127 दातांचा गिअर

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. त्यात बाबांनी सेकंड हँड घेतलेलं बटाल्याचं लेथ, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवत टूलने कापायचं मशीन. बाबा होते तोवर फेसिंग, टर्निंग, बोरिंग सगळं मी करत होतो, पण आटे पाडायचे असले की मशीनवर बाबाच उभे राहायचे. ते गेल्यावर दीड वर्ष मी आट्यांची कामं बाहेर पाठवत राहिलो. गेल्या ऑक्टोबरात ठरवलं, आता आपणच शिकायचं.

काम हिंगणघाटच्या एका जिनिंगचं होतं. सहा स्टड, म्हणजे डोकं नसलेले आट्यांचे दांडे; एम 24, म्हणजे 24 मिलिमीटर व्यासाचे; पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, 3 मिलिमीटर; एका टोकाला 80 मिलिमीटर आटे. मधली कॉलर जाड, म्हणून बाजारात तयार मिळत नव्हते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिनिंग थांबवता येत नाही, त्यामुळे मुदत आठवड्याची.

अडचण अशी की आमचं लेथ इंचाचं आहे. टूल धरणारं कॅरेज ज्या लांब लीड स्क्रूने सरकतं, त्याला एका इंचात चार आटे, म्हणजे लीड स्क्रूच्या एका फेऱ्यात कॅरेज 6.35 मिलिमीटर सरकतं. मला स्पिंडलच्या, म्हणजे तुकडा फिरवणाऱ्या दांड्याच्या, एका फेऱ्यात बरोबर 3 मिलिमीटर हवं. 3 भागिले 6.35 म्हणजे 300 भागिले 635, पाचाने भाग दिला की 60 भागिले 127. वर स्पिंडलच्या बाजूला 60 दातांचा गिअर, लीड स्क्रूवर 127 चा. मधे आयडलर, म्हणजे नुसता जोडणारा गिअर, कितीही दातांचा चालतो. त्याने फक्त अंतर भरून निघतं अन् दिशा बदलते, हिशेब बदलत नाही.

हा 127 काही कोणाच्या डोक्यातून आलेला आकडा नाही. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाच पट 127. ती मूळ संख्या आहे, कशानेच तुटत नाही. म्हणून इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे अचूक आटे हवे असतील तर एवढ्या दातांचं चाक लागतंच. ज्यांच्याकडे ते नसतं ते 63 अन् 80 ची जोडी वापरून जवळपास पोचतात. फरक इतका बारीक पडतो की साध्या नट-बोल्टला जाणवत नाही.

बाबांच्या पेटीत गिअर होते. 20 पासून पाच-पाचाने चढत जाणारे अन् एक मोठा, ज्याच्यावर ‘12’ वाचता येत होतं आणि पुढचा आकडा गंजून सपाट झालेला. मी तो 127 चा धरून चाललो. मेन स्विच बंद केला, गिअर चढवले, 60 अंशाचं टूल सेंटर गेजने, म्हणजे कोन जुळवायच्या पट्टीने, सरळ केलं, वेग कमी करणारा बॅक गिअर लावून जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवला. पहिला हलका ओरखडा मारून स्टीलच्या पट्टीने तीन आटे मोजले. नऊ, साडेनऊ, असंच काहीसं दिसलं. पट्टी जाड, आटे बारीक, मी पुढे गेलो.

पूर्ण खोली घेतल्यावर इतवारीच्या लोहा ओळीतून आणलेला नट लावला. दोन फेरे मलईसारखा गेला. तिसऱ्याला अडला. मला वाटलं आटे उथळ राहिले, म्हणून आणखी थोडं कापलं. नट तिथेच अडला, वरून पहिल्या दोन आट्यांत ढिला हलायला लागला. दुसरा स्टडही असाच गेला. ईएन-8 स्टीलचे दोन तुकडे आणि सकाळ गेली, छातीत धडधडायला लागलं.

संध्याकाळी बाबांचे जुने सोबती आले. आयुष्यभर टर्नर होते, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. स्टड हातात घेऊन त्यांनी नट लावला, काढला, पुन्हा लावला.

“दाते मोजले का तू?”

“नंबर पाहिला ना काकाजी.”

“नंबर नको पाहू. खडू घे, एका दातावर खूण कर अन् मोज.”

मोजले. 120. पुन्हा मोजले. 120.

मग कागदावर मांडलं तेव्हा सगळं उलगडलं. 60 ला 120 म्हणजे लीड स्क्रूचा अर्धा फेरा, कॅरेज सरकलं 3.175 मिलिमीटर, म्हणजे इंचात आठ आटे. दर आट्याला 0.175 चा फरक. पहिला-दुसरा आटा नटातल्या सैलपणात सामावतो, तिसऱ्यापासून कडा कडेवर येते. व्हर्निअरने दहा आटे मोजले तर 30 ऐवजी पावणेबत्तीस भरले. सकाळी तीन मोजण्याऐवजी दहा मोजले असते तर ओरखड्यावरच कळलं असतं.

खरा 127 चा गिअर मोटारीमागच्या डब्यात तेलकट चिंधीत गुंडाळलेला सापडला. बाबांनी तो वेगळा जपून ठेवला होता, हे मला त्या दिवशी समजलं. त्या चिंधीचा वास मी बराच वेळ घेत बसलो.

बसवताना काकाजी शेजारी उभे होते. दोन गिअरांच्या मधे रद्दी पेपरची पट्टी घालायची, क्वाड्रंट, म्हणजे गिअर धरणारा सरकता हात, दाबून बोल्ट आवळायचा, मग हाताने फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांची नक्षी उमटली अन् कागद फाटला नाही म्हणजे दात ना घट्ट ना ढिले. तुकडा पकडणारा चक हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहायचा, कुठे अडतं का. आणखी एक त्यांनी तपासायला लावलं : स्पिंडलचा एक फेरा झाला की वरच्या गिअरचाही बरोबर एकच होतो का. खडूच्या खुणा जुळल्या. काही लेथवर तिथेच वेगळं प्रमाण असतं, मग सगळा हिशेब फिरतो.

या वेळी ओरखडा मारून दहा आटे मोजले : 30. त्यानंतर खोली. 3 च्या पिचला एका बाजूने 1.84 मिलिमीटर. सुरुवातीला 0.2, मग 0.1, शेवटी 0.05 चे दोन हात, म्हणजे टूलच्या दोन खेपा, दरवेळी ब्रशने तेल.

आणि हाफ नट, कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा! इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे काढताना तो एकदा लावला की काम संपेपर्यंत उघडायचा नाही. उघडून पुन्हा लावला तर टूल जुन्या खाचेत उतरेलच याची खात्री नसते. प्रत्येक हाताला टोकाशी मशीन थांबवायचं, टूल मागे घ्यायचं, मोटार उलटी फिरवून परत यायचं. वेळ लागतो. माझा हात दोनदा सवयीने लिव्हरकडे गेला, म्हणून काकाजींनी लिव्हरला सुतळी बांधून टाकली.

पहिला स्टड निघाला तेव्हा नट बोटाने फिरत फिरत शेवटच्या खाचेपर्यंत गेला. काकाजींनी तो उलटा करून दुसऱ्या तोंडानेही लावून पाहिला आणि काही न बोलता पुढचा तुकडा माझ्या हातात दिला.

उरलेले दुसऱ्या दिवशी दुपारी झाले. बिघडलेल्या दोन तुकड्यांचा माल मी पदरचा घातला. संध्याकाळी 120 वर आणि 127 वर नव्याने आकडे ठोकले, 127 वर लाल रंगाचा ठिपका दिला आणि त्याच चिंधीला नवं तेल लावून तो परत गुंडाळला.