आमच्या टीमचं नाव रास्पबेरी आहे

तर सप्टेंबरात आमच्या कॅम्पसवर रिकन्सिलिएशन (म्हणजे आदिवासींशी सलोखा) चॅलेंज होतं, सहा-सहा जणांच्या टीम, तीन आठवडे, आणि अट एकच की टीमचं नाव इथल्या एखाद्या आदिवासी भाषेतलं हवं. मी कॅनडात एडमंटनला असते, म्हणजे मुख्यतः क्री भाषेचा मुलूख. 30 सप्टेंबरला सगळे केशरी टीशर्ट घालतात, माझा फोटो बघून काकांनी विचारलं कसली मिरवणूक गं. मिरवणूक नाही काका. रेसिडेन्शियल शाळांमध्ये, म्हणजे सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांमध्ये, दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलं घरातून उचलून नेली, आपली भाषा बोलली की मार, त्या मुलांसाठी आहे तो दिवस. 2015 मध्ये सत्यशोधन आयोगाने 94 मागण्या मांडल्या, त्यात भाषेच्याही आहेत.

आम्ही काय केलं, गूगल. पाच मिनिटांत 'लांडगा' शोधला, शब्द भारी वाटला, फॉर्म उघडला. कॉलम तीन. नाव, भाषा, कोणाला विचारलंत. पहिला भरला, दुसऱ्यात 'क्री' लिहिलं (नंतर कळलं शब्द ओजिब्वे या दुसऱ्याच भाषेचा होता, छान) आणि तिसऱ्यापाशी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

मग दुपारी क्रीचा क्लास घेणाऱ्या आजींकडे गेलो. त्यांना सगळे कोकुम म्हणतात, म्हणजे आजी, पण मला दरवेळी सोलकढीच आठवते त्याला काय करणार. मोठ्या माणसाकडे काही मागायला जाताना इकडे तंबाखू न्यायची पद्धत आहे, कापडात बांधून. आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू विकत घेतली, आजोबांची चंची आणि चुन्याची डबी डोळ्यासमोर आली, त्यांना कळलं असतं तर किती हसले असते.

कोकुमनी पुडी घेतली आणि नावाचं काही बोलल्याच नाहीत, तुम्ही सहा जण एकत्र काय करता म्हणाल्या. आम्ही काय करतो? डबा खातो. उन्हाळ्यात नदीकाठी चालायला जातो, रानातल्या रास्पबेरी तोडून खातो. त्या हसल्या, म्हणाल्या मग झालं की, 'अयोस्कनक'. अयोस्कन म्हणजे रास्पबेरी, शेवटचा 'अक' लागला की अनेक, आणि हा 'अक' फक्त सजीव नामांना लागतो. क्रीमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, सजीव-निर्जीव आहे. रास्पबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव, आणि पायमोजा सजीव! का, असं विचारलं तर कोकुम म्हणाल्या तुमच्याकडे खुर्ची बाई का आहे ते सांग आधी. गप्प बसले.

उच्चाराला मात्र मी टीमची हिरो. बाकीचे प, त, क म्हणताना हवा सोडतात, ते फ-थ-ख कडे जातं, आपल्याला कोरडा क जन्मापासून येतो. आणि क्रीतला एक च थेट आपल्या 'चमचा'तला. लिपी तर अजूनच मजेशीर, एकच त्रिकोणी खूण वर-खाली-डावीकडे-उजवीकडे फिरवली की पि, पे, पा, पो, म्हणजे कोलांट्या मारणारी बाराखडी. 1840 च्या सुमारास जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने ती बनवली आणि त्याला देवनागरी माहीत होती असं म्हणतात. क्री लोकांची गोष्ट वेगळी आहे, त्यांच्यात ही लिपी एका क्री माणसाला पूर्वजांच्या जगातून मिळाली. कोकुमनी ही क्री लोकांचीच गोष्ट सांगितली, मी वहीत तीच लिहून घेतली.

रात्री आईला फोन केला. आम्ही परतवाड्याचे, मेळघाट दाराशी, घरी मध आणून देणारे दादा कोरकू, लहानपणापासून बघते त्यांना आणि मला कोरकूतला एक शब्द येत नाही. आईला म्हटलं कोरकूत अस्वलाला काय म्हणतात गं?

"काऊन, तुले काय करायचं?"

"असंच. तू विचार ना दादांना."

"इतक्या वर्षांत कधी इचारलं नाही बाप्पा, आता कसं इचारू," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाजाराच्या दिवशी येतीन, तवा पाहतो."

चॅलेंजमध्ये आमचा खालून दुसरा नंबर आला. आईचा बाजार अजून व्हायचाय.