मेखेचं डोकं

तंबू उभारताना सगळ्यांच्या अंगात येतं. एक जण दगड शोधतो, दुसरा 'तिरकी ठोक रे, तिरकी' म्हणून ओरडतो. सकाळी तोच तंबू उतरवताना मात्र प्रत्येकाला पायथ्याच्या पाचनई गावातलं पिठलं-भाकरी दिसत असते. मग मेखा उपटायचं काम शेवटी उरेल त्याच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडतं.

हरिश्चंद्रगडावर आम्ही कोकणकड्यापासून बरंच आत तंबू लावला होता. या कड्याचा वारा खालून वर येतो. हलकी वस्तू खाली टाकली तर वारा ती परत वर आणून देतो. असल्या वाऱ्यात मेख घट्ट हवी. पण तिथे माती जेमतेम चार बोटं, खाली काळा कातळ. तेवढी आत गेली की मेख ठण्ण वाजते. तरी आम्ही दगडाने हाणतच राहिलो. सकाळी एका मेखेचं डोकं धरून जरा पिळून ओढलं, तर नुसतं डोकंच हातात आलं. नळी कातळाच्या फटीत बसली ती बसलीच. गडावर कचरा टाकू नका म्हणून दुनियेला सांगणारे आम्ही, एक ॲल्युमिनियमची नळी तिथे ठेवून खाली उतरलो.

घरी येऊन उरलेल्या सात मेखा तपासल्या. जरा पिळल्यावर त्यातल्या तिघींची डोकी सुटून आली. मेख दिसते एकसंध, असते दोन तुकड्यांची. वरच्या डोक्याचा खुंट पोकळ नळीत डिंकाने चिकटवलेला असतो. ठोकताना डोकं नळीवर दाबलं जातं, त्यामुळे आतला डिंक फुटला तरी कळत नाही. उपटताना मात्र सगळा भार त्या डिंकावर. आपण मेख पारखतो ती ठोकताना, आणि ती दगा देते उपटताना. खरी मेख इथेच आहे.

मी आधी झटपट चिकटणारा गोंद लावला. मेख फरशीवर पडली आणि डोकं टणकन उडून कपाटाखाली गेलं.

अण्णा पेपर बाजूला ठेवून बघत होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, तंबूत एक रात्र झोपलेला नाही.

"विळ्याची मूठ सैल झाली की आम्ही शेपूट लाल तापवून मुठीत दाबायचो," ते म्हणाले.

"अण्णा, हे ॲल्युमिनियम आहे, आणि मूठ लाकडी नाही."

"मग आधी खरवड. गुळगुळीत धातूला काही धरत नाही."

पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून नळी आतून खरवडली. जुना डिंक काचेच्या चुऱ्यासारखा बाहेर आला. खुंटही घासला, मग सगळं स्पिरिटने पुसलं. इथे रेंगाळायचं नाही. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढू लागतो, म्हणून चिकटवायचं ते हातासरशी. अराल्डाइटच्या दोन्ही ट्यूबमधलं समसमान एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पिळून काडीने घोटलं. (लग्नपत्रिकेइतका चांगला पुठ्ठा घरात दुसरा मिळत नाही.) डोकं फिरवत फिरवत आत बसवलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर तिन्ही डोकी गोगलगायीसारखी वर सरकलेली! नळीचं खालचं टोक बंद, त्यामुळे आत कोंडलेली हवा त्यांना वर ढकलत होती. अण्णांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येक डोकं करकचून आवळलं. रात्रभर उभ्या ठेवायला तुळशीच्या कुंडीला आईने हात लावू दिला नाही, म्हणून कोरफडीच्या कुंडीत तीन मेखा उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही मी त्यांना हात लावला नाही.

तिघी बसल्या. एकीचं डोकं किंचित तिरकं आहे, पण ते फक्त मला दिसतं.

प्रश्न राहिला त्या पोरक्या डोक्याचा. अण्णा माळ्यावरून एक मोडकी छत्री घेऊन आले. दांडी लोखंडी, पोकळ. करवतीने वीतभर कापली, एक टोक हातोडीने चेचून चपटं केलं आणि कानशीने टोकदार केलं. दुसऱ्या टोकात डोक्याचा खुंट जरा सैल बसत होता, म्हणून त्याला आधी दोऱ्याचे वेढे दिले, मग अराल्डाइट.

बाकीच्या मेखांपेक्षा ती चांगलीच जड आहे. गेल्या खेपेला मित्राने पिशवीतून काढून "ही कुठली रे?" म्हणून विचारलं. वाऱ्याकडच्या कोपऱ्याला मी आता तीच ठोकतो, आणि उपटताना डोक्याला हात न लावता दोरीच्या फासाने सरळ वर ओढतो. गंजते मात्र. घरी आल्यावर अण्णा ती पिशवीतून आपणहून काढून घेतात आणि तेलाचा हात फिरवून ठेवतात.