जुन्या सिनेमांच्या कॅसेटी उतरवताना सगळं अडतं ते बेल्टपाशी

कॅसेट डेकचा बेल्ट, म्हणजे मोटरची गती चाकापर्यंत नेणारा रबरी पट्टा, आजही मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं सगळं काम या एका गोष्टीपायी अडून राहिलं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. घरात जुन्या सिनेमांच्या कॅसेटींचे खोके होते. मराठी चित्रपटगीतं, ‘शोले’चे संवाद, आकाशवाणीवरून भरून घेतलेली गाणी. ते सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं होतं. डेक सुरू केला की मोटर फिरल्याचा आवाज यायचा, पण चाक जागचं हलायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. तिथे तो महिनोन्महिने पडून राहिला. दर वेळी उत्तर एकच: “भाऊ, याचा बेल्ट आता येतच नाही. पुढच्या हप्त्यात पाहा.” शेवटी मिळाला तो साधा रबरबँड लावून. प्रत्येक गाणं हेलकावे खात होतं.

“हे सगळं नेटवर आहे, कशाला एवढा खटाटोप?” असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. गाणी असतीलही. पण कॅसेटवर गाण्याआधी वाजणारा संवाद, दोन गाण्यांमधला पार्श्वसंगीताचा तुकडा, रेडिओवर निवेदकाने केलेली ओळख, हे नव्या गाण्यांच्या यादीत क्वचितच सापडतं. १९७५च्या ‘शोले’चे संवाद पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने स्वतंत्र तबकडीवर काढले होते. गणपतीच्या मांडवात आणि लग्नात भोंग्यावर ते संवाद ऐकलेल्या पिढीला त्यातल्या प्रत्येक विरामाची जागा ठाऊक आहे. आणि ‘सिंहासन’ (१९७९) मधलं ‘उषःकाल होता होता’ हे तर आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. ते चढ्या पट्टीत पळताना ऐकणं मला सहन होत नाही. वेग साधारण ६ टक्के वाढला की पांढरी एकची काळी एक होते. म्हणून बेल्ट.

विदर्भात बेल्ट का जातो ते आधी समजून घ्या. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. वर्षानुवर्षं न वाजलेल्या डेकमधला बेल्ट एकाच जागी ताणलेला असतो. काही बेल्ट सैल पडतात, काहींचा उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने काळा चिकट डांबरासारखा लगदा होतो. मागचं झाकण काढल्यावर असा लगदा दिसला तर बोट लावू नका. कातडीवरून तो लवकर निघत नाही आणि हाताने सगळ्या यंत्रावर पसरतो. खाली वर्तमानपत्र घ्या, मोठा भाग चिमट्याने उचला, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने (आयपीए) पुसा. मेडिकलमधलं स्पिरिट घेऊ नका, त्यात पाणी असतं. तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ९९ टक्क्यांचं आयपीए असतं, त्याच्याकडून छोटी बाटली मागा. पेट्रोल किंवा थिनर प्लॅस्टिक खातं. रॉकेलचा तेलकट थर राहतो आणि नवा बेल्ट त्यावर घसरतो.

खरी मेहनत मोटरच्या छोट्या पुलीवर करायची. तिच्या खाचेत लगद्याचा कण राहिला तरी आवाज थरथरतो. दात कोरायची लाकडी काडी आयपीएत बुडवून खाच फिरवत फिरवत साफ करा. पुली चकचकीत दिसेपर्यंत थांबू नका. फ्लायव्हीलची, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या जड चाकाची, कडही तशीच पुसा.

आता माप. दुकानदार “नंबर आणा” म्हणतो आणि नंबर कुठेही लिहिलेला नसतो. नंबर लागत नाही. बेल्ट ज्या वाटेने जातो त्या वाटेने, म्हणजे मोटरची पुली, फ्लायव्हील आणि मध्ये असेल ती चकती, यांवरून शिवणाचा दोरा फिरवा. ताणू नका, नुसता टेकवा. समजा लांबी २६० मिलिमीटर आली. बेल्ट ५ टक्के आखूड हवा, म्हणजे साधारण २४७. याला ३.१४ने भागलं की व्यास येतो, सुमारे ७९ मिलिमीटर. काही विक्रेते व्यास लिहितात, काही बेल्ट चपटा धरून होणारी अर्धी लांबी, म्हणजे इथे १२३ ते १२४. मागवण्याआधी कोणतं माप लिहिलंय ते विचारा, नाहीतर परत पाठवण्यातच वेळ जातो. मुख्य बेल्ट बहुतेक साध्या डेकमध्ये चौकोनी छेदाचा असतो, जाडी १.२ मिलिमीटरच्या आसपास. काही डेकना चपटा लागतो. जुन्याचा तुकडा हाती असेल तर जाडी त्यावरून मोजा. ऑनलाइन वेगवेगळ्या मापांच्या चौकोनी बेल्टचं पाकीट मिळतं, मी तेच घ्या म्हणेन. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं.

जाड बेल्ट बसवून वेळ मारून नेऊ नका. मोटरची पुली लहान असते. तिच्यावर जाड बेल्ट चढला की तिचा परिणामी व्यास वाढतो आणि टेप जलद पळते. फार आखूड बेल्ट मोटरच्या बेअरिंगवर ताण देतो. रबरबँडचं तर विचारूच नका. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, तो ताण खाऊन सैल होतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तुटतोच. ज्या दुकानदाराला हे कळत नाही किंवा कळून सांगत नाही, त्याच्याकडे डेक ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. पाच मिनिटांचं माप घेतलं असतं तर सगळी वाट पाहणं टळलं असतं.

बेल्ट बसला तरी आवाज डुलत असेल तर डुलण्याची गती मोजा. लांब धरलेला सूर ऐका. बासरी किंवा माउथ ऑर्गन सगळ्यात चांगले. ‘शोले’तली भानू गुप्तांनी वाजवलेली माउथ ऑर्गनची धून ज्या कॅसेटीवर असेल ती यासाठी उत्तम. हेलकावा सेकंदाला साधारण एकदा येत असेल तर दोष पिंच रोलरचा, म्हणजे टेप दाबणाऱ्या रबरी चाकाचा. सेकंदाला पाच-सहा वेळा येत असेल तर बेल्ट, फ्लायव्हील किंवा त्याचा दांडा पाहा. पिंच रोलर ओल्या फडक्याने, साबणाच्या थेंबाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आयपीए वारंवार लावलं की रबर कडक होतं. रबर चकाकत असेल किंवा त्याला भेगा असतील तर रोलरच बदला. आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे मोडकी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेली यंत्रं) येतात, त्यांतून रोलर, स्प्रिंग, स्क्रू सगळं निघतं.

यानंतर वेग. मोटरच्या मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, आत स्क्रू. काही डेकमध्ये तो सर्किटवर असतो. ३१५० हर्ट्झचा एकसुरी आवाज भरलेली टेस्ट कॅसेट लावा आणि मोबाइलवर वारंवारिता दाखवणारं अॅप उघडा. ३२१३ दिसलं तर वेग २ टक्के जास्त. स्क्रू केसभर फिरवा, काही सेकंद थांबा, पुन्हा पाहा. ३११८ ते ३१८२ म्हणजे एका टक्क्याच्या आत, पण मी ३१५०च्या जवळच आणतो. त्याआधी डेक वीस मिनिटं चालू ठेवा, थंड मोटरवर लावलेला वेग नंतर बदलतो. टेस्ट कॅसेट नसेल तर हार्मोनियमवर पट्टी जुळवून वेग लावायचा मोह होतो. तो टाळा, कारण कंपनीच्या कॅसेटीही नेमक्या वेगाने भरलेल्या असतील याची खात्री नसते. घरी भरलेल्या कॅसेटीत मागे विजेची गुणगुण ऐकू येते, तिचा आधार घेता येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर पडली पाहिजे.

बाकीचं काम यामानाने सोपं. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये केबल. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, तिथे बहुधा एकच वाहिनी उतरते आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांच्या कॅसेटची वेव्ह फाइल साधारण १ जीबीची होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता दाबलेली फाइल) केली की जवळपास निम्मी. लाइन जाते म्हणून लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढूनच ठेवा, त्याने घरघरही जाते. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर डेक गुणगुणतो. बॅटरीवर चालणारा टू-इन-वन चांगल्या अवस्थेत असेल तर तो सेलवर लावा, सगळ्यात स्वच्छ आवाज तिथे मिळतो.

हेडचं, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचं, सांगायचं राहिलं, आणि ते वेगाइतकंच महत्त्वाचं आहे. आवाज घुसमटलेला, ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येत असतील तर आधी हेड आयपीएने पुसा. कापूस घरात भरलेला असतो त्या दिवसांत त्याचे तंतू डेकच्या आत जाऊन हेडवर बसतात, म्हणून कापूस विकेपर्यंत डेक कपड्यात झाकून ठेवा. पुसूनही फरक पडला नाही तर हेडचा कोन पाहा. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. हेडमधली फट टेपला बरोबर काटकोनात नसेल तर बारीक, म्हणजे उंच सुरातले, आवाज आधी जातात. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोत ऐका, हा कोन बिघडल्याचं स्टिरिओपेक्षा मोनोत स्पष्ट कळतं. मग स्क्रू अगदी थोडा, फार तर पाव फेऱ्याच्या निम्मा, इकडेतिकडे फिरवा. झांज, घुंगरू, ‘स’ सगळ्यात लखलखीत ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक कंपनीच्या कॅसेटचा कोन थोडा वेगळा असतो, त्यामुळे कॅसेट बदलली की हे पुन्हा तपासा. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणारं, बटण बंद ठेवा. कॅसेटवर डॉल्बीची खूण असेल तरच चालू करा, नाहीतर बारीक आवाज विनाकारण दाबले जातात.

कॅसेट लावण्याआधी ती दोन्ही बाजूंना एकदा पूर्ण गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेले वेढे एकमेकांना धरून बसतात, थेट वाजवली तर रीळ फसतं. आत टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, उष्णतेने त्याचा गोंद सुटतो आणि तो पडतो. तो नसेल तर आवाज येतो-जातो. कोपऱ्यातले चार आणि मधला एक असे पाच स्क्रू खोलून रद्दीतल्या कॅसेटची पट्टी बसवता येते. कवच चिकटवलेलं असेल तर ब्लेडने जोडावरून उघडा आणि दोन्ही रिळं स्क्रूवाल्या कवचात ठेवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप साठच्यापेक्षा पातळ असते, तिला हळू हाताळा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर उन्हात ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात वाळवा, मग तोंडावर मास्क लावून मऊ ब्रशने झटका. कॅसेटींचं कपाट कूलरच्या झोतात नको, बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

खरखर काढायची घाई करू नका. मूळ फाइल जशी आली तशी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, सफाई प्रतीवर करा. सफाईच्या सॉफ्टवेअरने खरखरीसोबत सारंगीचा श्वास आणि गायकाचा दम दोन्ही जातात. फाइलच्या नावात सिनेमा, साल, गीतकार, संगीतकार, गायक आणि कॅसेटची बाजू लिहा. ‘ट्रॅक ०१’ या नावाने ठेवलेलं पुढे कोणालाच सापडत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा या फाइली घरी ऐकण्यासाठी ठेवा, नेटवर चढवू नका.

आणि रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींच्या मागच्या कडेवरची दोन प्लॅस्टिकची पानं आजच तोडा. ती असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आतलं सगळं पुसलं जातं.