फुकट नर्सरी खरंच मिळते का, काकू?

पोळ्या करायला येणाऱ्या ताईंपासून राजेंद्र नगरच्या हळदीकुंकवात भेटणाऱ्या सुनांपर्यंत सगळ्या मला एकच विचारतात, काकू, तीन वर्षांच्या पोराला फी न भरता कुठे घालता येईल? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, इंदुरात रस्ते दोन, आरटीई (म्हणजे शिक्षण हक्क कायदा) आणि अंगणवाडी, आणि सगळ्या आधी पळतात आरटीईकडे.

कायदा 2009 चा, प्रायव्हेट शाळेत गरीब-वंचित पोरांसाठी 25 टक्के जागा, आणि शाळा नर्सरीपासून असेल तर या जागाही नर्सरीपासूनच, म्हणजे लॉटरी लागली की आठवीपर्यंत फी नाही (माझ्या बडोद्याच्या नणंदेला हे ऐकून नवल वाटतं, तिकडे आरटीई थेट पहिलीत). पण एमपीत नुसता पगार कमी असून भागत नाही, बीपीएल कार्ड हवं, नाहीतर एससी, एसटी, विमुक्त जाती, अनाथ किंवा दिव्यांग मूल वगैरे. आपल्यातल्या बऱ्याच जणी इथेच बाद होतात, आणि ते कळतं कधी, तर शाळांची लिस्ट पाठ झाल्यावर.

शिवाय कागद! पोळीवाल्या ताईंच्या नातीचं नाव जन्मदाखल्यात वैष्णवी, समग्र आयडीत (एमपी सरकारचा कुटुंब-ओळख नंबर) वेष्णवी. एका मात्रेपायी बाईंची दोन दिवसांची कामं बुडली, चकरा मारता मारता व्हेरिफिकेशनची तारीख गेली ती गेलीच.

मग पोरगी अंगणवाडीत घातली. तिथे जात विचारत नाहीत की उत्पन्न, तीन ते सहाची सगळी पोरं चालतात, 1975 पासून चालू असलेली स्कीम आहे, आणि तरी आपण नाक मुरडतो. मीही मुरडायचे, खोटं कशाला बोलू. एकदा पोरीला आणायला गेले तर एका खोलीत वीसेक पोरं, दाराशी चपलांचा ढीग, आणि आमची वैष्णवी चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग लावत बसलेली, मला म्हणे हात लावू नका, मोडेल. हां, रोज असं नसतं. कधी अंगणवाडीची दीदी मोबाईलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे सरकारी नोंदींचं ॲप, भरण्यातच अडकलेली असते, त्या दिवशी फक्त जेवण आणि दंगा. म्हणून सांगते, नाव घालायच्या आधी अर्धा तास जाऊन बसा, दीदी पोरांशी बोलते का ते बघा.

समग्रमधली मात्रा आता नीट झालीय. पहिलीपासूनच्या शाळांसाठी फॉर्म नंतरही भरता येतो, तो भरूच. तोवर पोरगी खिचडी खाऊन घरी येते आणि आजीला हिंदीतनं दटावते, पहले हाथ धोओ.