वीतभर कोळशी

आज पहाटे मामांबरोबर भोगावती नदीवर मासे धरायला. वर राधानगरीचं अभयारण्य, तिथं गळ टाकायचा नाही, म्हणून धरणाच्या बरंच खाली बसलो. माझ्याकडं महागडा रॉड, मामांकडं कळकाची काठी. दीड तासात माझं गांडूळ चारदा कुरतडून नेलं.

"मर्दा, सावली पाण्यात पडलीय की तुझी!"

मागं सरकलो. दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी दोनदा थरथरली, आडवी झाली आणि सरळ आत. कोळशी! चंदेरी खवलं, शेपटीजवळ काळा ठिपका. मिरगाचा पाऊस तोंडावर, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, दिसली. सोडून दिली.

मामा घरापर्यंत बोलले नाहीत.