आजीच्या वाटच्या तीन बाटल्या

भारतात माणशी वर्षाला साधारण दोन लिटर बिअर खपते, असं मी जेवताना वाचून दाखवलं. दोन लिटर म्हणजे ६५० मिलीच्या तीन बाटल्या. आजीने सोलकढीची वाटी खाली ठेवली. "मगे माज्यो तीन बाटल्यो कोणी गिळल्यो रे?"

सरासरी म्हणजे असंच. आजीच्या तीन, आईच्या तीन, बालवाडीतल्या पुतणीच्याही तीन. त्या कोणाच्या पोटात जातात, हे शनिवारी संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या बाजारात दिसतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पिशवीच्या तळाशी, वर लाल माठाची जुडी.

चेक लोकांना अशी उसनवारी परवडायची नाही. तिथे माणशी सव्वाशे लिटरच्या वर, म्हणजे जवळपास दोनशे बाटल्या, आणि जगातला हा पहिला नंबर वर्षानुवर्षं त्यांचाच. तिथल्या आज्या आपापला वाटा स्वतःच संपवत असणार! बिअरचे जव त्यांच्या शेतातले, तिला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलंही तिथलीच. सोनेरी पिल्सनर बिअर १८४२ साली त्यांच्याच पिल्सन गावात जन्मली. इटलीत द्राक्षं पिकतात, तर तिथे वाइन आधी. एकूण खपात चीन सगळ्यांच्या पुढे, पण एवढी डोकी असल्यावर त्यात कसलं कौतुक?

माणूस दारी पिकेल तेच आंबवणार. आमच्या दारी जव नाहीत, माड आहेत. आमच्या वाडीतले काका सकाळी कमरेला कोयती अडकवून माडावर चढतात. घट्ट बांधलेल्या पोयीच्या, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याच्या, टोकाची पातळ चकती छाटतात आणि खाली मडकं अडकवतात. थेंब थेंब रस पडतो. अगदी ताजा असेल तर गोड. पण हवेतलं यीस्ट कोणाची वाट बघत नाही. दुपारपर्यंत फेस येतो, वास आंबट होतो, आणि चढायला ती माडी बिअरच्या तोडीस तोड. फक्त बिअरच्या रकान्यात तिचा थेंबही धरत नाहीत.

म्हणजे आजीचा हिशेब मांडायचा तर माडीपासून मांडायला हवा. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून सान्नां येतात, म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली, इडलीसारखी, पांढरीशुभ्र, जाळीदार, मऊ. आजी दोन खाते, तिसरं संध्याकाळसाठी झाकून ठेवते. पीठ कशाने फुगवलं, हे इतक्या वर्षांत तिने एकदाही विचारलेलं नाही.